अक्काची पाटी

टॅब्लेट म्हटले की आमच्या पिढीच्या माणसाला अजून गोळीच आठवते. सकाळची रक्तदाबाची, रात्रीची झोपेची, आणि अधूनमधून डोकेदुखीची. सध्या या नावाने जी काचेची पाटी घरोघर दिसते ती डोकेदुखी घालवीत नाही, उलट आणते, एवढाच काय तो दोहोंतला फरक, असे मी समजून होतो. गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२४ च्या, माझा हा समज बदलला. तो कसा बदलला ते या खेपेस सांगायचे आहे. एरवी या सदराच्या वाट्याला दीड स्तंभ येतो. दिवाळी अंकात संपादक जरा हात सैल सोडतात, त्याचा फायदा घेतो.

आमच्या घरी ही पाटी आली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. यजमान गेल्यावर ती दादरच्या दोन खोल्यांत एकटीच राहत असे आणि "मी मजेत आहे" असे दर रविवारी फोनवर सांगत असे. मार्च २०२० मध्ये ती चार दिवसांसाठी म्हणून पुण्याला आमच्याकडे आली आणि टाळेबंदीने तिला जी अडकवली ती कायमचीच. तेव्हा बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या नातीने गणपतीच्या सुमारास तिच्यासाठी टॅब्लेट मागवून दिला. हा शब्द अक्काने पहिल्याच दिवशी रद्द केला. "ही पाटीच की रे! आमच्या वेळी दगडाची होती, आता काचेची झाली," असे म्हणून तिने त्या वस्तूला घरात घेतले, आणि तेव्हापासून ती आमच्याकडे 'अक्काची पाटी' झाली.

सत्तरी उलटलेला मी त्या पाटीला बिचकत असे. ऐंशी ओलांडलेली अक्का मात्र महिन्याभरात तिच्यावर भजने ऐकू लागली, पंचांग पाहू लागली. नातीने तिला आणखी एक विद्या शिकवली. "अक्काआजी, हा लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं. तुझा आवाज यात राहतो." झाले. मग रोज दुपारी, आम्ही दोघे वामकुक्षी करीत असताना, अक्का स्वयंपाकघरात बसून पाटीशी बोलू लागली. काय बोलते ते आम्ही कधी विचारले नाही. घरातल्या माणसाचे बोलणे ऐकायला उद्या आहेच, असे आपण धरून चालतो.

२०२२ च्या पावसाळ्यात अक्का गेली. पंधरावड्याने सामान आवरताना पाटी हाताशी आली. सौभाग्यवतीने ती अक्काच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी, ठेवून दिली. "वन्संची आठवण आहे, जपून ठेवली पाहिजे," ती म्हणाली. मीही मान डोलावली. त्यानंतर दोन वर्षे त्या कप्प्याला कोणी हात लावला नाही.

आता अनारशांकडे वळतो. अनारसे आमच्या घरी कधीच होत नसत. ते दादरहून डब्यातून येत. चिवडा, चकली, करंजी ही सौभाग्यवतीची, अनारसे वन्संचे. अशी वाटणी पन्नास वर्षे चालली. अक्का गेल्यावरच्या दोन दिवाळ्यांत ताटातली ती जागा रिकामी राहिली, आणि तिच्याविषयी कोणी काही बोलले नाही. गेल्या वर्षी मात्र नातीचा फोन आला. "आजी, मी वसुबारसेला येतेय. या वेळी अक्काआजीचे अनारसे कर ना. तिनं सगळी रीत पाटीत सांगून ठेवली आहे. माझ्यासमोर बोलली होती."

सौभाग्यवती उत्साहाने उठली. वसुबारस पुढच्या सोमवारी होती. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते निथळून, फडक्यावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे आणि त्यात गूळ मळून पीठ काही दिवस मुरत ठेवायचे. एवढे तिला ठाऊक होते. गुळाचे प्रमाण मात्र ठाऊक नव्हते, आणि अनारशांत सारी गोम तिथेच असते. गूळ कमी पडला तर अनारसा दगड होतो. जास्त झाला तर तुपात पडताच हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. रविवारी सकाळी तिने तांदूळ भिजत घातले आणि मला फर्मान सोडले, "अहो, बुधवारी मला गूळ घालायचा आहे. तोवर ती पाटी सुरू करून द्या."

मी पाटी काढली, इरकलीतून सोडवली, बटण दाबले. काही नाही. जोराने दाबले. काही नाही. माझ्या संगणकाला जी तार असते तिने पाटी संगणकाला जोडली आणि पाच मिनिटांनी पुन्हा बटण दाबले. काच काळी ती काळीच. तिच्यात माझाच चेहरा तेवढा दिसत होता. मग दर पाच मिनिटांनी बटण दाबून पाहण्याचा मी सपाटा लावला. दुपारपर्यंत माझा अंगठा दुखू लागला. सौभाग्यवतीने सुचवले, "थोडा वेळ उन्हात ठेवून बघा." लहानपणी बॅटरीचे, म्हणजे हातातल्या विजेरीचे, सेल मंदावले की आम्ही ते उन्हात वाळत घालीत असू आणि मग चार दिवस त्यांच्यात धुगधुगी येई, त्याची तिला आठवण झाली असावी. सुदैवाने त्या दिवशी आभाळ होते.

सोमवारी सकाळी मी पाटी घेऊन एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने ती हातात घेतली, एक तार लावली, काढली आणि अर्ध्या मिनिटात निदान केले. "बोर्ड गेला, अंकल. याच्यात आता पैसे घालू नका. नवीन पीस दाखवू का? एक्स्चेंजमध्ये हा घेऊन टाकू." डॉक्टरांनी नाडी न पाहता मृत्यूचा दाखला लिहून द्यावा तसे मला झाले. मी त्याला म्हणालो, "अरे, याच्यात माझ्या बहिणीचा आवाज आहे." तो जरा वरमला. पण दुसरे गिऱ्हाईक आले आणि तो तिकडे वळला. त्याचाही दोष म्हणवत नाही. जुने जगवण्याचा पगार त्याला मिळत नव्हता.

घरी येऊन काय सांगायचे, या विवंचनेत मी संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो, तो पाय आपोआप गल्लीच्या टोकाच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीशी थांबले. चार फूट रुंद जागा, एक दिवा, एक भिंग आणि त्यामागे विशीबाविशीचा एक मुलगा. पूर्वी त्याच जागेत एक घड्याळजी बसत असत. डोळ्याला भिंग लावण्याची परंपरा तेवढी कायम होती. मी पाटी पुढे केली. त्याने ती आधी आडवी धरून कडेने पाहिली, पाठीवरून तळहात फिरवला.

"काका, फुगलेली नाहीये. ते बरं झालं."

"फुगते म्हणजे?"

"आतली बॅटरी फुगते. काच उचलली गेलेली दिसते, पाठ वर येते. तशी दिसली तर चार्जिंगला लावायचीच नाही. पेट घेऊ शकते. तिला टाचणीही लावायची नाही. सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्यायची."

मग त्याने चार्जिंगच्या भोकात भिंगातून पाहिले आणि लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने काहीतरी उकरून काढले. तांबड्या-काळ्या सुताचा एक गुंजेएवढा गोळा! इरकलीचा धागा तो. ज्या मायेने आम्ही पाटी गुंडाळून ठेवली होती तीच तिच्या नरड्यात अडकली होती. "लोक सुई घालतात," तो म्हणाला. "सुई घातली की आतल्या पट्ट्या वाकतात, नाहीतर शॉर्ट होतात. लाकूड किंवा मऊ ब्रश बरा."

त्याने एक जाडसर तार घेतली, मध्ये बोटाएवढे एक मोजयंत्र अडकवले आणि पाटी जोडली. काच काळीच होती. पण मोजयंत्रावर आकडे उमटले: ५ व्होल्ट, ०.०८ अँपिअर. तो माझ्याकडे पाहून हसला. "काका, नाडी आहे."

त्याचे ते तीन शब्द मी विसरणार नाही. मी तिथल्या स्टुलावर बसलो, आणि मग त्याने मला जे समजावून सांगितले ते मी इथे माझ्या भाषेत देतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अशी एखादी पाटी नाहीतर जुना फोन निजलेला असणार.

या यंत्रांतली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. एका घटाचा दाब पूर्ण भरला असता ४.२ व्होल्टच्या आसपास, एरवी सरासरी ३.७. वापर नसला तरी ती थोडीथोडी गळतच असते, आणि यंत्र बंद दिसले तरी आतला एखादा भाग चिमूटभर वीज खातच असतो. असे होत होत दाब ३ व्होल्टच्या खाली उतरला की बॅटरीतले रक्षक मंडळ तिचे दार लावून घेते. आपल्याला वाटते, मेली; खरे म्हणजे तिने कडी घातलेली असते. अशा बॅटरीला एकदम भरपूर वीज पाजणे घातक, म्हणून यंत्र तिला सुरुवातीला नेहमीच्या साधारण एक दशांश इतकीच वीज देते. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, पुरणपोळी देऊ नये, तसे. हा पेजेचा काळ अर्धा तास असू शकतो, कधी काही तासही. त्या वेळी काचेवर काही दिसत नाही.

"आणि तुम्ही काय करत होता?" त्याने विचारले.

"दर पाच मिनिटांनी बटण दाबत होतो," मी कबूल केले.

"म्हणजे जेवढी जमत होती तेवढी दर वेळी खर्च होत होती. यंत्र जागं व्हायला बघतं, त्यात सगळी जाते, आणि पुन्हा पडतं. आता बटणाला हात लावायचा नाही."

माझी दुसरी चूक तारेची. संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या खोबणीतून अर्धा अँपिअर वीज मिळते, म्हणजे अडीच वॅट. टॅब्लेटच्या स्वतःच्या चार्जरमधून सहसा २ अँपिअर, दहा वॅट, मिळते. त्यात घरातली तार बारीक आणि जुनी असली तर वाटेतच निम्मे बळ जाते. तेव्हा टॅब्लेट उठत नसेल तर प्रथम त्याचा स्वतःचा चार्जर, धडधाकट तार आणि भिंतीतली चांगली खोबण, या तीन गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या एखाद्या यंत्राला ती तार लावून खात्री करून घ्यावी. पुष्कळ मढी एवढ्यानेच उठून बसतात म्हणे.

मी त्याला उन्हाविषयीही विचारले. त्याने हात जोडले. "उन्हात नको, गादीवर नको, उशीखाली तर नकोच. फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, आणि कोणीतरी जागं असतानाच लावा. हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा फुगली तर लगेच काढा. आणि काका, काही जण बॅटरी बाहेर काढून तिला उघड्या तारांनी वीज देतात. ते कधी करू नका. फार खाली गेलेल्या बॅटरीत आतलं तांबं विरघळलेलं असतं. तिला जबरदस्तीनं उठवलं तर आतच शॉर्ट होते."

पैसे विचारले तर वीस रुपये म्हणाला. तेही कचरा काढल्याचे.

पाचच दिवसांपूर्वी कोजागरी झाली होती. सोमवारी रात्री आमच्या ओट्यावर मी दुसरी केली. पाटी तिच्या मूळ चार्जरला लावली, जवळ खुर्ची घेतली आणि हात मांडीखाली दाबून बसलो, कारण अंगठा ऐकत नव्हता. शेजारच्या पातेल्यात तांदूळ भिजत होते. सौभाग्यवती त्यांचे पाणी बदलायला आली आणि माझी ती बैठक पाहून म्हणाली, "तांदूळ भिजताना कोणी दर पाच मिनिटांनी बोटानं दाबून बघत नाही." बायकोच्या तोंडून शास्त्र असे सहज बाहेर पडते.

मला आमचा जुना रेडिओ आठवला. लावला की तो लगेच बोलत नसे. आधी त्याचा दिवा पेटायचा, मग आतले व्हॉल्व्ह तापायचे, आणि अर्धा मिनिट गेल्यावर दुरून कुठूनतरी आवाज येऊ लागायचा. त्या अर्ध्या मिनिटात घरातले सगळे गप्प बसून वाट पाहत. त्या गप्प बसण्याची सवय मोडली, आणि बटण दाबताक्षणी उत्तर आले नाही की वस्तू मेली असे ठरवायची सवय लागली. वस्तूंच्या बाबतीत लागलेली सवय माणसांच्या बाबतीतही थोडीफार उतरते. अक्का फोनवर दोन वाक्यांच्या मध्ये थांबायची, तेव्हा मी, "बरं, ठेवू का मग?" म्हणत असे.

दहा वाजून वीस मिनिटांनी काचेवर एक पांढरी, पोकळ बॅटरी उमटली, आणि तिच्यात विजेची छोटी खूण. मी ओरडलो नाही. पण सौभाग्यवती निजल्या खोलीतून धावत आली, त्या अर्थी बहुधा ओरडलो असेन. बारा वाजेपर्यंत पाटी चाळीस टक्के भरली. मग कोणी जागे नसताना नको, म्हणून तार काढली आणि निजलो.

मंगळवारी सकाळी बटण दाबले. कंपनीचे नाव उजळले आणि तिथेच थबकले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, नाव ते नावच. आता मात्र माझा धीर सुटला आणि मी बंगळूरला फोन लावला. नात म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. दोन वर्षांनी उठतेय, अडखळणारच. चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धरा. वीसेक सेकंद. मध्ये सोडू नका."

मी दाबून धरली. पण घाईत आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवायचे बटण दाबले गेले, आणि काळ्या काचेवर इंग्रजी अक्षरांची एक यादी उभी राहिली. मी चष्मा सारखा करून तिला एकेक ओळ वाचून दाखवू लागलो. एक ओळ होती 'वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट'. फॅक्टरी म्हणजे कारखाना. कारखान्यातून आल्यासारखी ठणठणीत होणार असेल, असा अर्थ मी लावला. "हे करू का?" असे विचारून मी अंगठा उचलला.

"आजोबा, थांबा!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की सौभाग्यवतीच्या हातातली चाळण खाली पडली. "त्यानं पाटी कोरी होते. सगळं पुसलं जातं. अक्काआजीही!"

मी अंगठा मागे घेतला. वाचकहो, ही एक गोष्ट घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. उठत नसलेल्या यंत्राला उठवण्याचे बहुतेक उपाय निरुपद्रवी असतात. हा एक नव्हे. आत काही मोलाचे असेल आणि त्याची दुसरी प्रत नसेल, तर पुसणाऱ्या ओळीला स्पर्श करू नये, आणि दुरुस्तीला देतानाही "आतलं पुसू नका" असे आधी स्पष्ट सांगावे. अक्काचे बोलणे फक्त त्या पाटीतच होते.

नातीने सांगितल्याप्रमाणे आवाजाच्या बटणाने सरकत 'रिबूट सिस्टिम नाऊ' या ओळीवर आलो आणि चालू-बंदचे बटण दाबले. पुन्हा नाव उजळले. मी खुर्चीवर बसलो. सौभाग्यवती शेजारी उभी राहिली. सात-आठ मिनिटांनी नाव विरले आणि आमच्या हरतालिकेच्या पूजेचे, अक्काने स्वतः काढलेले, जरा तिरपे चित्र काचेवर आले. खुणेचे आकडे वगैरे पाटीने काही विचारले नाही. अक्काने कुलूप घालू दिले नव्हते. "घरातल्या माणसांपासून काय लपवायचं?" असे तिचे म्हणणे होते.

रेकॉर्डिंगे सत्तावीस निघाली. ऐकण्याआधी नातीने फोनवरून एक काम करून घेतले: पाटी संगणकाला जोडून सगळी सत्तावीस त्यात उतरवली, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि एक तिला पाठवली. "आधी प्रत, मग रडणं," ती म्हणाली; पण तिचाही आवाज काही ठीक नव्हता.

बुधवारी दुपारी तांदळाचे पीठ चाळून परातीत तयार होते, किसलेला गूळ शेजारी होता. सौभाग्यवतीने पदर खोचला आणि मी पाटी ओट्यावर उभी करून अनारशांची फीत लावली. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग कोणीतरी खोकले, तो मीच. मग, "थांब रे बाळ, चहा मागाहून. मी बोलतेय ना!" असे अक्का मला दटावते. आणि मग शांतपणे, समोर सौभाग्यवती बसली आहे असे धरून, ती बोलू लागते. तांदूळ जुने घे. पाणी रोज बदल, नाहीतर वास येतो. पीठ ओलसर असतानाच चाळ. अनारसा खसखशीवर थाप, तुपात सोडताना खसखस वर येऊ दे, उलटू नकोस, वरून झाऱ्यानं तूप उडव, आच मंद ठेव.

आणि गूळ? सौभाग्यवती वाटी हातात घेऊन पुढे वाकली.

"गूळ किती, ते पीठच सांगतं बाई," अक्का म्हणाली. "आधी थोडा कमीच घाल. मुरलं की एक तळून बघ. हसला तर थोडं पीठ घाल. कडक झाला तर थोडा गूळ मळ. अंदाज येतो. मला तरी कुठे पहिल्या वर्षी आला होता?"

तीन दिवस, दोन दुकाने, एक जागरण, आणि प्रमाण म्हणून हाती आले ते हे! मी सौभाग्यवतीकडे पाहिले. ती वाटी खाली ठेवून हसत होती, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होती. "वन्सं अगदी वन्संच," ती म्हणाली. "पुन्हा लावा हो." मी पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेस तिने गूळ घालायला घेतला.

वसुबारसेला नात आली. पहिल्या घाण्यातला पहिला अनारसा कढईभर हसला. दुसराही हसला. मग थोडे पीठ घातले आणि तिसरा जाळीदार उमटला. अक्काच्यासारखा नव्हता, पण तिच्याच घराण्यातला होता.

त्या रात्री फराळाच्या डब्यांमध्ये बसून आम्ही उरलेली रेकॉर्डिंगे ऐकली. एकात आमच्या आईविषयी होते, जे मला ठाऊक नव्हते. एकात माझ्याविषयी. बाळने सहाव्या वर्षी बॅटरीचे सेल गच्चीत उन्हात वाळत घातले आणि ते कावळा नेईल म्हणून दिवसभर काठी घेऊन राखण बसला, अशी ती हकीकत. हे सांगताना अक्का मध्येच थांबते. बराच वेळ थांबते. पूर्वीचा मी असतो तर "बरं, ठेवू का?" म्हणालो असतो. या वेळी कोणी बटणाला हात लावला नाही, आणि थोड्या वेळाने ती पुढे बोलू लागली.

नंतर टपरीतल्या त्या मुलाकडून मी पाटीची बॅटरी नवी करून घेतली. एकदा इतकी खाली गेलेली बॅटरी पुन्हा पूर्वीइतकी टिकत नाही, असे त्याने सांगितले. जुनी त्याने ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देण्यासाठी वेगळ्या डब्यात टाकली. ही चीज घरच्या कचऱ्यात कधी टाकू नये, घंटागाडीत दबली तर पेट घेते. जाता जाता त्याने एक माहिती दिली, ती मी पडताळून पाहिली. या जातीची बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतले गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. आपल्या कामाची दाद येण्याची वाट पाहणे त्यांनाही चुकले नाही. तेव्हा तीन तास काय, अन् तीन दिवस काय!

पाटी आता कपाटात नसते. ज्या यंत्राला काही काळ विश्रांती द्यायची असेल ते पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे ठेवू नये, साधारण निम्मे भरून, बंद करून, थंड जागी ठेवावे आणि निदान सहा महिन्यांनी एकदा बाहेर काढून पुन्हा निम्मे भरावे, असा नियम आहे. आमच्याकडे सहा महिने कोणी थांबत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सौभाग्यवती पाटी ओट्यावर ठेवते, तार लावते, आणि स्वयंपाक होईपर्यंत अक्का काहीतरी सांगत असते. रविवारच निवडला, कारण पूर्वी दादरहून फोन त्याच दिवशी यायचा.

दिवाळीची आवराआवर आपल्याकडेही चालू असेल. एखाद्या खणात काळ्या काचेची एखादी वस्तू सापडली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती कडेने पाहा. फुगलेली नसेल तर तिचे भोक साफ करा, तिचाच चार्जर लावा, आणि दोन-तीन तास तिला काही विचारू नका. उठली तर आधी प्रत काढा. आणि घरात एखादी अक्का अजून दुपारी बोलत बसत असेल, तर वामकुक्षी एक दिवस राहू द्या. यंदाचे तांदूळ आमच्याकडे कालच भिजत पडले आहेत.